धोंड्याच्या महिन्यातल्या धामणी

अधिक महिन्यात जावयाचा देव होतो. तीन वर्षांतून एकदाच, आणि तेवढ्या महिन्यापुरताच. एरवी त्याला सिलिंडर चढवायला आणि मांडवाचे दोर धरायला बोलावतात. पण धोंड्याचा महिना लागला की पाटावर बसवतात, पाय धुतात, दिव्यांनी ओवाळतात आणि ताटात पुरणाचे धोंडे वाढून वर तुपाची धार धरतात. सासूबाईंच्या मते त्या महिन्यात मी साक्षात नारायण असतो. माझ्या बायकोचं मत वेगळं आहे, पण तो महिनाभर ती ते बोलून दाखवत नाही.

यंदा अधिक ज्येष्ठ आला, म्हणजे ऐन उन्हाळ्यात देव व्हायची पाळी. माझी सासुरवाडी नाशिकच्या पश्चिमेला, गंगापूर धरणाच्या अंगाला. शेतात काकडी, कोथिंबीर, गवार आणि दसऱ्याच्या बेताने झेंडू. सासरे गेल्यापासून शेत माझा मेहुणा बघतो. आम्ही दोघं दुपारी पोचलो, मी अकरा धोंडे खाल्ले, टॉवेल-टोपी आणि नारळ घेतला, सासूबाई माझ्या पाया पडल्या. सगळं रीतीप्रमाणे झालं. फक्त पंगतीत वाढायला घरची सून नव्हती.

ती तीन आठवड्यांपासून इगतपुरीला माहेरी होती.

मेहुण्याची बायको शहरातल्या शाळेत विज्ञान शिकवते. रोज स्कूटीवरून जाऊन-येऊन तिची पाठ धरली होती. एप्रिलच्या शेवटी ती नवऱ्याला म्हणाली, शाळेजवळ एक खोली भाड्याने घेऊ, आठवड्यातले चार दिवस मी तिथे राहीन. मेहुणा तेव्हा विहिरीवरच्या पंपाशी झटत होता. मान वर न करता तो म्हणाला, "मग जा." ती गेली. फोन नाही, निरोप नाही. हाही तसाच. दोन शब्दांचं भांडण एवढं टिकलेलं मी पाहिलं नव्हतं. आमची भांडणं तासभर चालतात आणि चहापाशी संपतात.

मे महिन्यात बाई माहेरी गेली तर गाव काही विचारत नाही, हीच काय ती त्या घराची ढाल. शाळा जूनच्या मध्याला उघडणार होती. त्याआधी सून परत आली तर ते माहेरपण. नाही आली तर ते भांडण, आणि मग गावाला कळलेल्या भांडणातून माघार घेणं दोघांनाही जड जाणार. सासूबाईंच्या डोळ्यांसमोर तेवढी एकच तारीख होती. घरातल्या सगळ्यांचा मिळून फोनवर एक ग्रुप आहे. सासूबाईंना वाचता येत नाही, पण रोज सकाळी त्या माझ्या बायकोला फोन करून विचारायच्या, "ग्रुपात हाय ना अजून ती?" असायची. बोलायची नाही, पण असायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवा टॉवेल खांद्यावर टाकून ओट्यावर चहा पीत बसलो होतो. देवाला सकाळी उठून काही काम नसतं. तेवढ्यात मेहुणा शेताकडून झपाझप येताना दिसला. पेरणीआधी बांध पेटवून साफ करायचा म्हणून तो काडेपेटी घेऊन गेला होता. ती तशीच हातात होती.

"आई, सापाची जोडी लागलीय. विहिरीपाशी."

सासूबाई चुलीपुढून उठल्या त्या अशा, की गुडघेदुखीची सगळी औषधं मला त्या क्षणी खोटी वाटली. आमच्याकडे समजूत अशी, की एकमेकांत गुंतलेल्या सापांच्या जोडीवर कोरं कापड टाकावं, सापांचा स्पर्श होऊ द्यावा, आणि ते घरात जपून ठेवावं. ज्या घरात ते कापड, त्या घरातली जोडी तुटत नाही. कुणी म्हणतं बरकत येते. सासूबाईंना बरकत नको होती, सून हवी होती.

"कोरं कापड," त्या म्हणाल्या आणि माझ्या खांद्याकडे पाहिलं.

"हा माझा टॉवेल आहे," मी म्हटलं.

"तुमचाच चालंल. मालेगावचा हाय, पाणी नाय लागलेलं अजून. आन् टाकायचा बी तुम्हीच."

"मी?"

"या महिन्यात तुम्ही नारायण. शेषावर निजणारे. तुम्हाला काय भ्यायचं?"

माझा आणि सापांचा संबंध सांगायचा तर, घरातल्या ट्यूबलाइटमागच्या पालीशी माझा तह झालेला आहे: ती स्वयंपाकघरात येत नाही, मी ट्यूब पुसत नाही. याहून मोठ्या सरपटणाऱ्या प्राण्याशी बोलणी करायची माझ्यावर कधी वेळ आलेली नव्हती. मी बायकोकडे पाहिलं. ती फोनचा कॅमेरा उघडत होती.

विहिरीशेजारी काकडी काढून मोकळं केलेलं वावर होतं. आम्ही वीस पावलांवर थांबलो आणि मी बोलायचं विसरलो. मला ओळखणाऱ्यांना यातलं गांभीर्य कळेल.

दोन धामणी होत्या. प्रत्येकी माझ्याहून हातभर लांब. शेपटीकडून त्या एकमेकींत अशा पिळल्या होत्या, जसा नव्या दोरखंडाला पीळ बसतो, आणि पुढचं अंग जमिनीपासून उभं, पार माझ्या कमरेपर्यंत. काठी नाही, आधार नाही, हात तर नाहीतच. नुसत्या पाठीच्या कण्यावर दोन जीव हवेत उभे होते आणि डुलत होते. एकीचं डोकं वर गेलं की दुसरी बोटभर त्याच्या वर जाई आणि सावकाश आपली मान तिच्या मानेवर ठेवून खाली नेई. मग दोघी एकदम जमिनीवर येत, सळसळत एक गिरकी घेत, पीळ उलटा बसे, आणि पुन्हा उभ्या. सकाळचं ऊन त्यांच्या पिवळसर तपकिरी अंगावर तेलासारखं घरंगळत होतं. शेपटीकडे काळ्या रेघांची जाळी. ओठांवर बारीक काळ्या उभ्या रेषा, जणू कुणी तोंडं टाके घालून शिवून टाकली आहेत. आणि डोळे मोठे, गोल, काळे. साप म्हटला की मला फणा आणि दात आठवत. डोळे आठवण्याइतकं मी कधी पाहिलंच नव्हतं.

"किती माया बघा," सासूबाई हळूच म्हणाल्या. "गळ्यात गळा घातलाय."

मलाही ती मायाच वाटली. मी तर मनातल्या मनात त्यांना संवादसुद्धा दिले.

"दाजी, लवकर," मेहुणा पुटपुटला. "पाय आपटू नका. त्यांना कान नसतात, पण पाऊल कळतं."

मी चपला काढल्या. हे भक्तीने नव्हे, पळताना अडकू नयेत म्हणून. टॉवेल दोन्ही हातांत धरला आणि एकेक पाऊल टाकत निघालो. पंधरा पावलं. दहा. त्या दोघींनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मी आयुष्यात अनेक ठिकाणी दुर्लक्षित राहिलोय, लग्नांत, मीटिंगांत, रेशनच्या रांगेत. पण इतकं संपूर्ण, इतकं भव्य दुर्लक्ष माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. सहा पावलांवर मी टॉवेल भिरकावला.

टॉवेल वाऱ्याने उघडला, मागे फिरला आणि माझ्याच पायांपाशी पडला.

मागून बायकोचा हसू दाबल्याचा आवाज आला. मी खाली वाकणार, एवढ्यात तो सगळा पीळ जमिनीवर आला आणि लोळत लोळत माझ्याच दिशेने निघाला. मेहुणा म्हणाला, "हलू नका." हा सल्ला अगदी अनावश्यक होता. हलणं माझ्या हातात राहिलेलंच नव्हतं.

त्या टॉवेलवर आल्या. टॉवेलवरून माझ्या उजव्या पायावर आल्या. एकीची शेपूट घोट्याला वळसा घालून, ओढून, निघून गेली. दोन क्षण असेल फार तर. मला वाटलं होतं ओलं लागेल, गिळगिळीत, थंडगार. कोरडं होतं. उन्हात ठेवलेल्या गुळगुळीत दगडासारखं किंचित कोमट होतं. आणि आत एवढी ताकद, की जणू माझ्या पायावरून कातडं नाही तर नुसता जोर गेला. मी कार्यालयात ही हकीकत सांगतो तेव्हा दोन क्षणांची दोन मिनिटं होतात. होऊ देत. पण तो कोरडेपणा मी वाढवून सांगत नाही. पन्नाशी गाठेपर्यंत एका प्राण्याबद्दल मी इतक्या खात्रीने चूक बाळगली होती, आणि ती दुरुस्त करायला त्याच प्राण्याला माझ्या पायावर यावं लागलं.

मग त्या सरकत वावराच्या मध्यावर गेल्या. आम्ही उभेच राहिलो. चहा चुलीवर आटला, म्हैस ओरडत राहिली, कुणी हललं नाही. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण ऊन बांधावरून आमच्या डोक्यावर आलं. शेवटी एकीने दुसरीचं डोकं मातीला टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. बराच वेळ. मग पीळ सुटला. खालची झटक्यात निघाली आणि विहिरीकडच्या घाणेरीच्या झुडपांत दिसेनाशी झाली.

"रुसली वाटतं," सासूबाई म्हणाल्या, जरा काळजीने.

त्यांनी टॉवेल उचलला, झटकला नाही, तशीच घडी घातली, हळदकुंकू लावलं आणि देव्हाऱ्यात ठेवला. बायकोने चित्रफीत ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, 'आईने जोडीवर टॉवेल टाकून घेतला.' मी पायाचा उल्लेख करायला सांगितला होता. तो तिने केला नाही.

दहा मिनिटांत बायकोचा फोन वाजला. इगतपुरी. सासूबाईंच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. बायकोने फोन स्पीकरवर टाकला.

"ताई," पलीकडून सून म्हणाली, तीन आठवड्यांनी, कसलीही प्रस्तावना न करता, "ते दोघेही नर आहेत."

"कोण?" बायकोने विचारलं.

"धामणी. जोडी नाहीये ती. कुस्ती चाललीय."

सासूबाई फोनजवळ वाकल्या. "म्हंजी दोन बापे?"

"हो आत्याबाई, दोन बापे. जोडी लागते तेव्हा एवढं उभं राहत नाहीत ते. मादी जमिनीवर पडून असते, नर तिच्या अंगालगत. सगळं शांत असतं, कुणाच्या लक्षातही येत नाही. हे मान वर काढून दुसऱ्याला खाली दाबणं म्हणजे झुंज. आमच्याकडे भाताच्या बांधावर दरवर्षी दिसतात. सगळे कापडंच टाकत सुटतात."

सासूबाईंनी देव्हाऱ्याकडे पाहिलं. तिथे नारायणाच्या शेजारी दोन पैलवानांचा टॉवेल हळदकुंकू लावून बसला होता. मी भिंतीकडे तोंड केलं, कारण देवाने अशा वेळी हसणं बरं दिसत नाही.

पण हसू आलं तसं विरूनही गेलं. मी सकाळचं सगळं पुन्हा डोळ्यांपुढे आणू लागलो आणि प्रत्येक गोष्ट जागच्या जागी राहून वेगळी दिसू लागली. गळ्यात गळा नव्हता तो, डाव होता. मानेवर मान ठेवणं म्हणजे पकड.

"चावले का पण?" सून विचारत होती. "फितीत नीट दिसत नाही. शेवटपर्यंत कुणी बघितलं?"

"नाय चावले."

हे मेहुणा म्हणाला. तो दारात उभा राहून मघापासून चौकटीवरचा खिळा तपासत होता.

पलीकडे सुनेने त्याचा आवाज ओळखला. मग, "एकदाही नाही?"

"एकदा बी नाय. मी पापणी नाय पाडली."

"दात असतात हां त्यांना. विष नसतं, पण दात असतात, आत वळलेले. उंदीर धरला की सुटत नाही. वापरायचे ठरवले तर एकमेकांना फाडतील. पण या कुस्तीत नाही वापरत." तिचा आवाज आता वर्गात शिकवतानाचा झाला होता, आणि त्यात आनंद होता. "ज्याचं डोकं खाली टेकलं तो हरला. तो उठतो आणि जातो. मग दुसराही त्याच्या मागे लागत नाही. हरलेला कुठे गेला?"

"घाणेरीतनं विहिरीकडं."

"आणि जिंकलेला?"

हे आमच्यापैकी कुणी पाहिलंच नव्हतं. आम्ही सगळे हरलेल्याच्या मागे डोळे लावून होतो. मेहुण्याने पाहिलं होतं. "तो जागीच थांबला. मग जीभ काढत, वास घेत घेत गोल फिरला. मग सरळ बांधावर. बाभळीच्या बुडाशी उंदराचं मोठं बीळ हाय बघ, त्याच्याजवळ."

"मग मादी तिथंच कुठेतरी असेल. तुम्ही बांध पेटवलात?"

"काडेपेटी नेली होती."

"मी काय विचारलं?"

"नाय पेटवला." मग म्हणाला, "उंदरांनी ठिबकच्या नळ्या कुरतडल्यात सगळ्या. साफ करायला पायजेल होता."

"बांध जाळून उंदीर मरतात का? ते खाली बिळात बसतात. त्यांना खाणारा वर भाजतो."

एरवी एवढ्यावर माझ्या मेहुण्याने दोन तिखट शब्द ऐकवले असते. तो त्या खिळ्यावरून बोट फिरवत राहिला. सासूबाई श्वास धरून होत्या. मीही, आणि माझं तर त्यात काही जाणार-येणार नव्हतं.

"नाय पेटवणार," तो म्हणाला. "तू ये. मला ती मादी काय सापडायची नाय. तू येऊन दाखव."

"आधी खोलीचं बोलू. मग धामणीचं."

माझ्या बायकोने आयुष्यात दोन-तीन गोष्टी फार वेळेवर केल्या आहेत. तिने स्पीकर बंद केला, फोन भावाच्या हातात ठेवला आणि आईच्या दंडाला धरून तिला मागे ओढलं. मेहुणा फोन कानाला लावून शेतात निघून गेला. आम्ही तिघं ओट्यावर बसून लांबून बघत राहिलो. तो बांधावर इकडून तिकडे चालत होता. हात उडवत होता. मग उभा राहिला. मग बसला. मग बराच वेळ नुसता ऐकत होता.

"काय म्हणतोय?" सासूबाईंनी विचारलं.

"आता त्याचं डोकं खाली आहे," मी म्हटलं.

"गप बसा," त्या देवाला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने सून आली. हातात एकच पिशवी होती. सासूबाईंनी आधी पिशवी पाहिली आणि मग तिचं तोंड. "एवढंच सामान?"

"बाकीचं खोलीवर जाईल, आई," मेहुणाच म्हणाला. "शाळेजवळची खोली घेतोय. सोमवार ते गुरुवार ती तिथं. मी बी तिथंच. माल न्यायला संध्याकाळी मार्केटात जातोच मी लिलावाला. तिथनं खोलीवर, आन् उजाडायच्या आत परत वावरात. शुक्रवारी दोघं इकडं."

"आन् मी?" सासूबाई म्हणाल्या. हा प्रश्न त्यांनी हसत विचारला, पण तो हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. सून पुढे झाली, पाया पडली, आणि उठताना त्यांचा हात तिने सोडला नाही. "तुम्हाला दोन रात्री तिकडे न्यायचंय. खालीच दवाखाना आहे, गुडघे दाखवू." सासूबाईंनी गुडघ्यांबद्दल काही कबूल केलं नाही, पण हातही काढून घेतला नाही.

चहा न घेताच सून बांधाकडे निघाली. आम्ही तिच्या मागे एका रांगेत. बाभळीपासून बऱ्याच अंतरावर तिने आम्हाला खाली बसवलं आणि सावली हलवू नका म्हणाली. नुसत्या जमिनीकडे मी इतका वेळ कधी पाहिलेलं नाही. आधी फक्त गवत दिसत होतं. मग गवतातल्या मुंग्या. मग एक सरडा, मान खालीवर करणारा, जो मघापासून तिथेच होता. जमीन सावकाश भरत गेली. मग वाळक्या गवताचा एक पट्टा हलला, आणि तो पट्टा म्हणजे गवत नव्हतं.

कालच्या दोघांहून ती बारीक होती, रंगाने मळकट. उन्हात लांबच लांब पसरली होती. जीभ दोनदा बाहेर आली, हवा चाखून आत गेली.

"हीच?" मेहुण्याने ओठांतल्या ओठांत विचारलं.

"बहुतेक. नुसतं बघून नर की मादी हे नक्की नाही सांगता येत," सून म्हणाली. "पण हीच असावी."

धामण आमच्याकडे बघत नव्हती. आम्ही पाच माणसं तिच्यासाठी बांधावरचे पाच दगड होतो, आणि दगड होण्यात मला त्या क्षणी काहीच कमीपणा वाटला नाही. माझ्या शेजारी सासूबाईंनी नकळत हात जोडले होते.

"हिला ठावं हाय का गं," त्यांनी सुनेच्या कानाशी विचारलं, "काल हिच्यापायी दोघं एवढं झुंजले ते?"

"काय माहीत, आत्याबाई. तेव्हा ती बहुतेक उंदीर खात असेल."

सासूबाईंना हसू आवरेना. पदर तोंडात कोंबून त्या गदागदा हलू लागल्या, ते हलणं जमिनीतून पोचलं असावं, आणि ती मळकट लांबी कसलीही घाई न करता, हातभर, मग आणखी हातभर, बिळात ओतली गेली. शेपटीचं टोक किती तरी वेळ बाहेर होतं. ते आत गेल्यावरही आमच्यातलं कुणी उठलं नाही.